लागेल तेवढं पाणी

आई, सगळ्यांत आधी टपकली ती वरच्या मजल्यावरची तमिळ पोरगी. चपला दारात टाकत म्हणते, "दादी, आज आप बोलोगी, हम मशीन बनेंगे." मागोमाग माझी नात, आठवीतली. दिल्लीत आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टरचं स्वयंपाकघर ते केवढं, त्यात दोघी फतकल मारून बसल्या.

यांच्या शाळेत कॉम्प्युटर आलाय. त्याच्या खोलीत चपला काढून जायचं, अगदी देवघरासारखं. पण तो सांगितलं तेवढंच करतो, मनाने काही नाही. म्हणून बाईंनी सांगितलंय, घरातलं एक काम अडाण्यालाही जमेल असं पायरीपायरीने लिहून आणा. ज्यांचं जमेल त्यांनाच नववीत हा विषय, जागा थोड्याच. नात म्हणते, नोएडात नवी ऑफिसं होतायत, तिथे हेच लागतं. तिचा बाप म्हणतो, "नाही मिळाला तर होम सायन्स आहेच." मी म्हटलं, मिळणारच. मला तू चौथीनंतर घरी बसवलंस, हिला मी त्या खोलीत बसवणार.

मी सांगितलं, "परातीत पीठ घे. पाणी ओत." तमिळ पोरगी ओततच राहिली. कणकेची पेज झाली.

"अगं, पुरे की."

"आपने रुकने को कहाँ बोला, दादी?"

नात हसतेय. "आजी, पाणी किती ते सांग ना."

"लागेल तेवढं."

"मशीनला कसं कळणार?"

आणि मी एकदम तुझ्यापाशी. चुलीशी बसून हेच विचारतेय, आणि तू लाटणं पोळपाटावर टेकवून म्हणतेस, "लागेल तेवढं. डोकं खाऊ नकोस." मी गप्प बसले होते. या पोरी बसत नाहीत गं.

मग मीही हट्टाला पेटले. नवं पीठ घेतलं, डोळे मिटून मळत गेले, हात करतो ते बोलत गेले. थोडं पाणी घाल. दाब. पीठ सुटं राहतंय का? राहत असेल तर परत थोडं पाणी, परत दाब. नसेल तर थांब. नातीने त्या प्रश्नाभोवती शंकरपाळ्यासारखी चौकट काढली. 'हो'चा बाण मागे वळवला, 'नाही'चा खाली सोडला. म्हणाली, "आजी, हे बघ तुझं लागेल तेवढं."

जन्मात परातीला हात न लावलेल्या त्या तमिळ पोरीने कागद वाचत कणीक भिजवली. मऊ झाली, आई.

शनिवारी बाई ठरवतील. हे पत्र कुठे टाकणार, पिठाच्या डब्याखाली ठेवते. राग कधीच नव्हता. पण तुझ्या उत्तराची मी आजवर वाट पाहत होते, एवढं खरं. दोघी रविवारी पोळी भाजायला येतो म्हणाल्यात. उलटायची कधी, ते आत्तापासून बघून ठेवतेय.