दुर्बिणीच्या ऑपरेशनआधीचं चमचाभर दही

४ ऑगस्ट, सोम.
पित्ताशयात खडे निघाले. तीन आठवडे गॅस गॅस म्हणून ओवा चावत बसले, मोठी शहाणी! डॉ. म्हणाले, दुर्बिणीतून काढू, पोटावर फक्त चार भोकं. फक्त म्हणे. मी माणूस आहे की चाळणी? ह्यांच्यासमोर हसले. मग बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

६ ऑगस्ट, बुध.
शुक्रवारी सकाळी ऑपरेशन. रात्री बारानंतर पाण्याचा थेंबसुद्धा नाही. खडा नळीत सरकला तर कावीळ, ताप, म्हणून ही घाई. सासूबाई मुद्दाम साताऱ्याहून इथे तमिळ मुलखात आल्या. आमच्या लेकीचे, ईशाचे, शहराबाहेरच्या सिरुसेरीच्या ऑफिसातून रोज चार फोन, "अम्मा, सिम्पल आहे गं." हिचं काय जातं! मला भुलीची भीती वाटते. झोपले आणि उठलेच नाही तर? ह्यांना विचारलं की चिडतात. म्हणजे तेही घाबरलेत.

८ ऑगस्ट, शुक्र.
झालंच नाही ऑपरेशन.
पहाटे निघताना सासूबाईंनी हातावर दही-साखर ठेवली. परीक्षा असो, प्रवास असो, त्यांच्या दहीसाखरेला आजवर कधी नाही म्हटलंय? चाटून मोकळी झाले. रिक्षा एग्मोर स्टेशनापाशी आली तेव्हा लक्षात आलं. तरी गप्पच बसले. नर्सनं विचारलं, "साप्टींगळा?" काही खाल्लंत का म्हणून. मी सरळ "इल्लै." खोटं, तेही तमिळमधून!
ट्रॉलीवर घेतलं. भूल देणारी डॉ. ईशाएवढीच पोर. तिनं परत विचारलं आणि मी बोलून टाकलं. "बरं झालं सांगितलंत. भुलीत उलटी होऊन फुप्फुसात गेली असती तर..." तिनं ऑपरेशनच पुढे ढकललं. आजची यादी भरलेली, आता सोमवारी.
घरी येईपर्यंत हे लालबुंद. "अक्कल गहाण टाकलीस का? दही दिलं कुणी?"
"मीच घेतलं. सवयीनं."
सासूबाई स्वयंपाकघरात उभ्या होत्या. भांड्याचा आवाज थांबला.

१० ऑगस्ट, रवि.
दुपारी कळ आली, बरगडीखालून थेट पाठीत. मग हुडहुडी, ताप. ॲडमिट. डॉ.नी पोट दाबलं तशी किंचाळलेच. सूज वाढलीय. दुर्बिणीनंच सुरुवात करतील, पण नीट दिसलं नाही तर पोट उघडावं लागेल. शुक्रवारी झालं असतं तर

नको तो विचार.
सासूबाईंनी दुपारपासून चहासुद्धा घेतलेला नाही. संध्याकाळी ह्यांना म्हणाल्या, "दही मी दिलं रे. ती उगाच माझ्या चुकीवर पांघरूण घालतेय." हे औषधाची चिठ्ठी घेऊन खाली निघून गेले. रागावले असते तर बरं झालं असतं.

११ ऑगस्ट, सोम. स. ७
फॉर्मवर सही केली. वाकडीतिकडी आली, माझी वाटतच नाही. ताप आहेच. ईशा आज फोनवर नाही, इथेच आहे. "सिम्पल" हा शब्द तिच्या तोंडून एकदाही आला नाही. मला मरायचं नाहीये. लिहून टाकलं एकदाचं.
ट्रॉली आलीय. सासूबाईंना म्हटलं, "येते." त्यांनी माझा डावा हात धरून ठेवलाय, सोडतच नाहीत. उजव्या हातानं हे लिहितेय.
नर्स वही मागतेय.