नावाड्याचा दुसरा शेवट

४ मार्च

चि. चिमणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या पुस्तकाचा दुसरा भाग आल्यापासून आपलं शिवणाचं दुकान म्हणजे कोर्ट झालंय. गिऱ्हाईक माप द्यायला हात वर करून उभं राहतं आणि तसंच भांडायला लागतं. समोरचे औषधवाले रागावलेत. नावाडी त्या चार भावंडांना घुबडराणीच्या हवाली करतो तिथं त्यांनी पुस्तक भिंतीवर भिरकावलं. मग उचलून, पुसून पुढं वाचलं. शाळेतल्या बाई म्हणतात, पहिल्या भागात उडणारे मासे होते, यात नुसता संशय. मुलांना द्यावं तरी कसं? पोस्टातल्या कारकुनाला मात्र हाच भाग सरस वाटला. पहिला गोड होता, हा खरा आहे, असं म्हणाला. त्याची पँट मी बिनतक्रार सैल करून दिली.

आपल्या कामाच्या खोलीत नेहमीसारखं मीच मोठ्यानं वाचलं. मशिनं मंद चालवायची, इस्त्री आडवी ठेवायची नाही, हा आपला नियम तुला ठाऊक आहे. सगळे खूश. काजवाल्या मावशींनी तर शेवटी नावाड्याला तोंड भरून आशीर्वाद दिले. तेव्हा बाहेरच्यांचं मनावर घेऊ नकोस. जेवत जा. तुझ्या काकूचा जीव तुझ्यात अडकलेला असतो, माझाही थोडासा.
तुझा,
काका

१९ मार्च

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा इथं वाचकांचा मेळावा होता. लोक चिडलेलेच होते. एका गृहस्थांनी, नावाड्यावर विश्वास ठेवायला लावून मी त्यांना फसवलं, असं माईकवरून सुनावलं. तेवढ्यात मागच्या रांगेतून आपल्या काजवाल्या मावशी उठल्या. लेकीकडे आल्या होत्या, मला न कळवता मेळाव्याला आल्या. त्यांनी त्या गृहस्थांना झापलं, की नीट वाचत जा. नावाड्यानं स्वतःची नाव पेटवली, त्या उजेडात पोरं धुक्यातून बाहेर पडली, तो मात्र मागं राहिला.

काका, पुस्तकात यातलं काहीच नाही. सगळं सभागृह हसलं. त्यांना वाटलं, म्हातारीला समजलं नाही. मावशी माझ्याकडे बघत होत्या, मी काहीतरी बोलेन म्हणून. मला त्यांना खोटं पाडवेना आणि खरं सांगवेना. मी पाणी प्यायले.

काजं करून करून त्यांची नजर अधू झाली, छापलेलं अक्षर दिसत नाही, म्हणून त्यांनी तुमच्या आवाजावर विसंबून राहायचं. आणि तुम्ही माझ्या पुस्तकात स्वतःचं पान घुसडलंत! मावशींना सोसलं नसतं, असं सांगू नका. नावाड्याच्या तोंडी तुमचं ‘बघू, करू, होईल’ आहे. पहिल्या भागापासून गिऱ्हाइकं तुम्हाला नावाडी म्हणतात आणि तुम्ही मिशीत हसता. तो दगाबाज निघाला ते सोसलं नाही तुम्हाला.

कटिंगच्या टेबलाखाली बसून मी गोष्टी ऐकल्या त्या तुमच्याच तोंडून. म्हणून दुसऱ्या कुणापेक्षा तुमचा राग जास्त आला.

काकूंना नमस्कार.
चिमणी

२ एप्रिल

चि. चिमणीस,
आशीर्वाद. वि. वि.

कोऱ्या कापडाला चुकीची कात्री लागली की लपवता येत नाही. तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. मावशींचं निमित्त केलं, पण जीभ अडखळली ती माझ्यासाठी. पान समोर होतं आणि तोंडातून भलतंच निघत गेलं. निघालं ते छान निघालं, म्हणून थांबलोही नाही.

मावशी परतल्यापासून माझ्याशी बोलत नाहीत. मी समोर उभा असताना इस्त्रीवाल्या भाऊंना विचारतात, मालकांना काजं उभी हवीत की आडवी. मग त्यांनीच औषधवाल्यांना बोलावणं धाडलं, की दुकान तासभर बंद ठेवा आणि पुस्तकात आहे ते वाचा. मला बाहेर काढलं नाही. बसवून ऐकवलं.

औषधवाले घशात गोळी अडकल्यासारखं वाचतात, पण एक अक्षर बदललं नाही. इस्त्रीवाले भाऊ उसळले. असल्या माणसाला पाण्यात ढकलायला हवं होतं म्हणाले. मशिनवरची धाकटी रडली. मावशींनी मात्र नावाडी दोर सोडतो आणि पोरांकडे न बघता पानसुपारी घेऊन निघालेल्या पाहुण्यासारखा चालू लागतो, तेवढंच पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, की हा माणूस मी पाहिलाय. मालकांचा नावाडी म्हणजे काचेमागचा पुतळा, त्याला कोट झकास बसतो पण तो चालत नाही. आणि त्यांचे यजमान घर सोडून गेले तेव्हा शेवट बदलून सांगायला कुणी आलं नव्हतं. तेव्हा ते सोसलं, तर आता गोष्टीतलं का सोसणार नाही?

मी मान खाली घालून खडूच्या रेघा ओढत राहिलो. कुणाच्या कोटाच्या, देव जाणे.

हल्ली औषधवालेच वाचतात. मला कुणी वाचा म्हणत नाही आणि मीही विचारत नाही. तू तिसरा भाग लिहिणार आहेस ना, एवढंच कळव. रागात कळवलंस तरी चालेल.
तुझा,
काका

२० एप्रिल

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

लिहिते आहे. राग गेलेला नाही. तुम्हाला खोटं लिहिणार नाही.

मेळाव्यात मी गप्प बसले, त्याची माफी मावशींकडे वेगळी मागितली आहे. तिसऱ्या भागाचं पहिलं प्रकरण टपालानं धाडलंय. छापायला देण्याआधी ते कामाच्या खोलीतल्या सगळ्यांनी ऐकावं, असं मला वाटतं. दुसऱ्या भागाच्या वेळी मी ते केलं नाही, ते माझं चुकलं. पाकीट मावशींच्या नावानं आहे. तुम्ही फोडू नका. वाचायला कुणाला बसवायचं, ते त्या ठरवतील.

त्यांनी तुम्हाला बसवलं, तर आहे तसं वाचा.
चिमणी