मेजाचा लांब पाय

चौल, गुरुवार, १६ जानेवारी १९३६

आज गवंडी फरशी बसवायला आला. खिडकीपाशी पाण्याची वाटी ठेवून पाहिली आणि म्हणाला, "बाई, ह्या कोपऱ्यात जमीन बोटभर खाली हाय." मी तिथून हलवलेल्या माझ्या लेकीच्या, सुमीच्या मेजाकडे पाहिलं.

आबांनीही तिथंच वाटी ठेवली होती. जन्मभर गलबतं बांधलेला माझा बाप, नातीला लिहायला मेज करत होता. मी हसले होते, "आबा, पूजा मांडलीत की काय?" मेज झालं तशी मी मास्तरणीनं शाळेतली फूटपट्टी लावली. एक पाय बोटभर लांब! सुमीसमोर त्यांना नाही नाही ते बोलले. का लांब ठेवलात, एवढं तरी विचारलं का मी? त्यांनी मुकाट्यानं पाय कापला. तेव्हापासून पोर त्या पायाखाली कागदाची घडी घालून लिहिते, आणि मी मेजालाच दोष देते. आबांना जाऊन वर्ष झालं.

सुमीला सांगितलं, तर म्हणाली, "मला ठाऊक होतं. आजोबा म्हणाले होते, आयशीला सांगू नको हां, बाय. शाळेत दुसऱ्यांच्या चुका काढते ती, सोताची तिला सोसायची न्हाय."