चिमटा कुणाच्या बोटाला

ती. दाजींना सादर नमस्कार. ताईचा गुडघा आणि तुमचा राग, दोन्ही उतरले असतील अशी आशा आहे. आम्ही सगळे खुशाल. भिंगरी दोन दात कमी झाल्यापासून जास्तच बडबडते.

तुमच्या दातवाल्या मित्राची मी माफी मागावी, असा तुमचा निरोप ताईकडून मिळाला. मागणार नाही. का, ते सांगतो. (वाचताना ताईला शेजारी बसवा, म्हणजे मधली वाक्यं गाळता येणार नाहीत.)

त्या सकाळी मी भिंगरीला घेऊन त्यांच्या दवाखान्यात गेलो. किडके दात काढायचे होते आणि पोर खुर्चीत टिकेना, म्हणून गुंगीचं औषध द्यायचं ठरलं होतं. गुंगीत लहान मुलांचा श्वास मंदावतो, रक्तातला ऑक्सिजन उतरू शकतो, म्हणून बोटाला एक चिमटा लावतात. त्याचं यंत्र आकडा दाखवतं आणि नाडीबरोबर टिकटिकतं. भिंगरीने चिमटा पाहून मूठच आवळली. "आधी बाबाला लावा. दुखलं तर तो रडेल." लावला. मी रडलो नाही. तेवढ्यात (मदतनीस बाई रजेवर, डॉक्टर एकटे, बाहेर माणसं खोळंबलेली) औषध तिच्या पोटात गेलं, ती पेंगली, आणि डॉक्टर यंत्राकडे बघून म्हणाले, "अठ्ठ्याण्णव! झकास."

मी तिचा हात धरून नामस्मरण करत बसलो. जप रंगला तशी टिकटिक संथ झाली. म्हटलं, देवाने ऐकलं. मग डॉक्टरांनी पक्कड उचलली, माझा जप तुटला आणि टिकटिक धावत सुटली. पोर मात्र गाढ. तेव्हा कुठे मी खाली पाहिलं. चिमटा माझ्याच बोटाला! (म्हणजे इतका वेळ झकास होतो तो मी.)

"पक्कड खाली ठेवा!" मी ओरडलो. चिमटा तिच्या बोटाला लावला, तर आकडा एक्याण्णव. हनुवटी छातीवर टेकलेली. डॉक्टरांनी ती उचलून धरली, ऑक्सिजनचा मास्क लावला. आकडा वर चढेपर्यंत मला देवाचं एकही नाव आठवलं नाही, दाजी.

मग ते म्हणाले, "आता ठीक आहे, काढून टाकू दात."

मी म्हटलं, "दात तुम्ही बघाल. पोरीकडे कोण बघणार? मी? मी काय बघतो ते आत्ताच पाहिलंत."

ती पुरती जागी होईपर्यंत तिथून हललो नाही, आणि मग तिला उचलून निघालो. याला तुम्ही तमाशा म्हणता. खुशाल म्हणा. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन, आणि जरा मोठ्या आवाजात करीन.

दात नंतर मोठ्या रुग्णालयात निघाले. तिथे भुलीच्या डॉक्टरबाई फक्त तिच्याकडे बघत होत्या. छाती, ओठ, आकडा. दातांशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. मला दारातच म्हणाल्या, "बाबा, तुमची बोटं खिशात ठेवा." (भिंगरीने सगळं आधीच सांगून ठेवलं होतं.)

तुमचा आज्ञाधारक (ही एक आज्ञा सोडून),
मेहुणा

ता. क. तुमच्या नातवासाठी त्याच खुर्चीची, त्याच गुंगीची तारीख घेतली आहे, असं ताई म्हणाली. खरं तर हे पत्र त्यासाठीच. ती रद्द करा, ही हात जोडून विनंती.

पुन्हा ता. क. हात जोडून झाल्यावर फोन उचलला आणि ती मीच आज रद्द करून टाकली. नाव तुमचं सांगितलं. आवाजही तुमचाच काढला, म्हणजे खेकसलो. त्यांना जराही शंका आली नाही.