आधी हात बघायचे

१२ एप्रिल १९८५, नेरूळ
रिव्हॉल्वर घरी आलं. परवान्याला पाच महिने लागले. धमकीला परवाना लागत नाही, म्हणून ती आधी पोचली. सारसोळ्याच्या कोळ्यांचे कोऱ्या कागदांवर अंगठे घेऊन खाडीकाठची जमीन लाटणाऱ्या दलालावर मी माझ्या पेपरात लिहिलं. त्याच्या माणसांनी माझी स्कूटर जाळली. जमिनीची सरकारी चौकशी २० मेला. साक्षीला तयार त्या कोळ्यांतला एकटा धर्मा. तो नाही आला तर सगळं संपलं.
सौ.ने 'ते' देव्हाऱ्याखाली ठेवू दिलं नाही. गव्हाच्या डब्यामागे.

१९ एप्रिल
वरच्या मजल्यावरचे निवृत्त सुभेदार शिकवतायत. रबाळ्याची बंद खदान, सकाळी सहा. गोळ्या घरी. चढ दहा वेळा पळायचा, छातीचा भाता झाला की खिशातून काढून रिकामा चाप ओढायचा. हात लटलट.
"पंडित, निवांत बसून कुनीबी नेम धरतंय. दम लागल्यावर काय ते."

२७ एप्रिल
श्वास मोजताना आकडे चुकतात. म्हणून अनुष्टुभाच्या एका चरणात घेतो, एकात सोडतो. पाठशाळेतल्या गुरुजींनी छड्या मारून शिकवलं ते यासाठी? असो.
नवा धडा : आधी हात बघायचे, तोंड मागनं. दिवसभर तेच. पोस्टमन, दूधवाला, सोसायटीचा सेक्रेटरी.
सौ. : "माझ्याकडे बघतच नाही हल्ली. बांगड्यांकडे बघता."

५ मे
दहा चढांनंतरही हात स्थिर. सुभेदार "पास" म्हणाले. अभिमान वाटला. वाटला तर वाटला.
आता घरातही खिशात बाळगतो. भरलेलं.

११ मे
सकाळी अकराला स्वयंपाकघराच्या मागच्या दारात कोणीतरी. हात पाहिले. उजव्यात कोयता. माझं रिव्हॉल्वर कधी बाहेर आलं, कळलं नाही. मग तोंड पाहिलं.
धर्मा. खांद्यावर ताडगोळ्यांचा घड. कोयता ते सोलायला.
त्यांच्यात बेल वाजवत नाहीत. मागून येतात, आणलेलं ओट्यावर ठेवतात. मीच कौतुकानं छापलं होतं.
"दादा, तू माज्यावं?"
घड खाली ठेवून गेला. माझा हात अजिबात थरथरला नव्हता.

१२ मे
सुभेदारांना सांगितलं. "चाप वढला न्हाई न्हवं? मग शिकलासा की."
ताडगोळे तसेच पडलेत. सौ. हात लावत नाही.

१५ मे
सारसोळे. धर्माच्या बायकोनं पाणी दिलं. "त्याचं त्यो सांगंल. मना नको इचारू." तो जाळं सांधत होता. अर्धा तास बसलो. क्षमेची स्तोत्रं डझनभर पाठ आहेत. मराठीत एक वाक्य धड जमेना.
शेवटी तोच : "दादा, त्या दलालाच्या मानसांनी पन अजून माज्यावं काय रोखलं नाय."
वीस तारखेचं विचारलं. जाळ्यातून मान वर केली नाही.

१८ मे
पोलीस ठाण्यात शस्त्र जमा करायला गेलो. फौजदार म्हणाला, अर्जात कारण लिहा. दोन कागद फाडले. परत घेऊन आलो.

२० मे, बेलापूर
कचेरीबाहेरच्या बाकावर लिहितोय. शिपायानं धर्माचं नाव दोनदा पुकारलं. तिसऱ्यांदा दोन वाजता, ही साहेबांची मेहेरबानी. दलाल समोरच बसलाय. त्यानं माझ्यासाठीही चहा सांगितला. घेतला.
दोनला अजून सव्वा तास.