यादीत नसलेलं नाव

नागापूर, नगर
ता. ९ मार्च १९७२

तीर्थस्वरूप रंगनाथमामांस श्रीमंतचा शिरसाष्टांग नमस्कार. भागूमामींचे गुडघे कसे आहेत? तुमचा खोकला? इकडे सर्व क्षेम असं लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहितो. बाकी मला जेवण जात नाही, आणि तुमची भाचेसून पुष्पावती रविवारपासून माझ्याशी कामापुरतं बोलते. आईच्या डोळ्यांचं विचारत नाही. विचारायला मला तोंड राहिलेलं नाही.

रविवारी तिसगावला तुम्ही मला म्हणालात, "आरं, तू सोता हुतास ना तिथं? मंग न्हाई कसा म्हनलास?" त्याचं उत्तर आता देतो. आमच्या कारखान्यात मी टेलिफोनच्या बोर्डावर बसतो (आई गावभर 'श्रीमंत तारखात्यात हाय' सांगायची, आता तेही सांगत नसेल). आमच्या मॅनेजरसाहेबांनी कुठेसं वाचलं, की विलायतेत म्हणे असं यंत्र निघणार आहे, जे बाहेर जाणाऱ्या प्रत्येक फोनला सर्वांत स्वस्त वाट आपोआप शोधून देईल. ते इथं येईपर्यंत ते काम माझ्याकडे. मुंबईच्या ऑफिसला निरोप द्यायचा तर आधी ट्रक जातोय का बघायचं, नसेल तर पोस्टकार्ड टाकायचं, आणि अगदीच घाई असेल तर माणसाच्या नावाने ट्रंककॉल लावायचा. (त्यात ज्याचं नाव दिलं तो माणूस जागेवर नसला, तर बोलण्याचे पैसे पडत नाहीत, नुसती किरकोळ फी.) म्हणून आम्ही जन्मालाच न आलेली माणसं बोलावतो. मुंबईला 'छगनराव आहेत का' विचारलं की माल निघाला, 'झुंबरबाई' विचारलं की मशीन बंद पडलं. तिकडचा माणूस 'नाहीत' म्हणतो आणि निरोप पोचतो. तिकडूनही अशीच माणसं येतात. मी 'नाहीत' म्हणतो आणि अर्थ बघायला यादी उघडतो. दोन वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही. यंत्राने तरी आणखी काय केलं असतं?

त्या मंगळवारी एक्स्चेंजची बाई म्हणाली, "श्रीमंत भिमाजी आहेत का?" मी म्हटलं, "नाहीत." (गावाचंही नाव तिनं घेतलं होतं, पण मला फक्त माणसाचं नाव ऐकायची सवय.) फोन ठेवून यादी काढली. दोनदा वाचली. श्रीमंत कुठेच नव्हता. साहेबांना दाखवली, तेही चष्मा लावून शोधत बसले, आणि म्हणाले, "मुंबईवाल्यांनी नवं नाव काढलं असेल. विचारून घे, पण कार्डाने." मी कार्ड लिहिलं, 'श्रीमंत म्हणजे काय, ते कळवावे.' खाली सही करताना हात थांबला.

मामा, तीन वर्षं मी आईच्या हातापाया पडतोय, नगरला ये, मोतीबिंदू काढून घेऊ. त्या दिवशी ती तयार झाली, आणि हे मला स्वतःच्या तोंडाने सांगायचं म्हणून नवं लुगडं नेसून तुमच्याबरोबर पोस्टात आली. जन्मात पहिल्यांदा फोन कानाला लावला आणि पोटच्या पोराचा आवाज ऐकला, तो नाही म्हणून सांगणारा. रविवारी मी तिच्यापुढे तासभर बसलो. ती भिंतीकडे तोंड करून एवढंच म्हणाली, "श्रीमंत न्हाई. त्यानंच सांगितलंय मला. आन् आता डोळं करून बघायचं कुनाला?" मला रडू आलं, पण तेही तिला दिसलं नसणार. डॉक्टर म्हणतात, पावसाळ्यापर्यंत थांबलात तर उरलेलंही जाईल.

लहानांस आशीर्वाद.

तुमचा भाचा,
श्रीमंत (आहे)

ता. क. पत्र टपालाने न टाकता पाथर्डीकडे निघालेल्या मच्छिंद्र ड्रायव्हरच्या हाती देतोय. सवय लागली आहे, माफ करा.

ता. क. आणखी एक. सोमवारी अकरा वाजता आईला कसंही करून पोस्टात आणा. तिच्या नावाने कॉल लावणार आहे, आणि ती बोलेल तितका वेळ बोलणार आहे. सगळे पैसे पगारातून कापा असं साहेबांना सांगितलं, तेव्हा ते खाली बसले. ती आलीच, आणि फोन कानाला लावून "आक्काबाई न्हाई" म्हणाली, तरी चालेल. फक्त ते तुम्ही म्हणू नका, मामा, तिला म्हणू द्या. आवाज तरी ऐकू येईल.