शमुवेलचा रागीट देव

वडवणी,
ता. ३ फेब्रुवारी २०२५

चि. शमुवेल यास सुवार्ताताईचे अ. आ. व प्रभूमध्ये सलाम.

वि. वि. धाकटा भाऊ असून माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पोस्टाला कामाला लावलंय. पाळक माणूस आलेलं पत्र न वाचता फाडणार नाही, एवढा विश्वास आहे.

काल गेवराईला तुझ्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसले होते. तुझ्या उपदेशात जलप्रलय झाला, सदोम जळालं, लोटाची बायको मिठाचा खांब झाली. तू घाम पुसलास तेव्हा वाटलं, आता तरी कुणी वाचेल. तर तू लुटीतला माल चोरणाऱ्या आखानाला सहकुटुंब दगडमार करायला निघालास! शेजारच्या केशरबाईनं हळूच विचारलं की आज देव कावून एवढा खवळलाय. मी सांगितलं, देव नाही बाई, पाळक खवळलाय. त्याची लेक मनानं लग्न करून गेली.

आता बातमी. तुझ्या योगिताला मुलगी झाली. लिंबागणेशला सासरी आहे, दोघी सुखरूप. जावई शेरडं राखतो, हिंदू आहे, म्हणून तू दार लावून घेतलंस. त्यात त्याचं नाव परमेश्वर! जन्मभर परमेश्वराला घरी ये म्हणून आळवलंस, आणि आला तर उंबऱ्यावरूनच घालवलास. नातीला आशीर्वाद द्यायला जा. पप्पा येतील का, असं योगितानं स्वतः विचारलंय.

राग उतरव. लोभ माझ्याकडे शिल्लक आहे, हवा तेवढा ने.
तुझी,
सुवार्ताताई


गेवराई,
ता. १० फेब्रुवारी २०२५

ती. ताईस शमुवेलचा सप्रेम सलाम.

वि. वि. पत्र पावलं. देवाच्या स्वभावाची थट्टा या वयात शोभत नाही. तू जन्मभर दवाखान्यात नर्स होतीस, म्हणून तुला देवसुद्धा पेशंटच्या उशाशी बसलेला हवा. तो पवित्र आहे. काल होता तोच आज आहे. इस्राएल लोक परक्या देवांमागे गेले तेव्हा त्यानं त्यांना पेढे वाटले नाहीत. मग माझ्या लेकीनं केलं ते मी कसं चालवून घेऊ? उद्या मंडळीला काय तोंड दाखवू? माझ्या मनात राग नाही. मी फक्त आज्ञा पाळतोय. मी जाणार नाही. विषय संपला.

तुझ्या आशीर्वादाचा धनी, मतांचा नव्हे,
शमुवेल

ता. क. बाळाचं वजन किती भरलं, नाक कुणावर गेलंय, कावीळ वगैरे नाही ना, असं तुझी भावजय विचारते.


वडवणी,
ता. १७ फेब्रुवारी २०२५

चि. शमुवेल यास अ. आ.

वि. वि. भावजयीशी माझं रोज बोलणं होतं. बाळाचं वजन तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. तेव्हा ज्याला खरंच हवंय त्यानं वाचावं: पावणेतीन किलो, कावीळ नाही, नाक दुर्दैवानं तुझं.

देव बदलत नाही, हे मान्य. पण मग शास्त्र पुरतं वाच. लोक सोन्याच्या वासरापुढे नाचले, त्यानंतर त्यानं मोशेला स्वतःची ओळख सांगितली. सुरुवात कशानं केली? दयाळू, कृपाळू, मंदक्रोध. शिक्षा तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत, दया हजारो पिढ्यांवर. तू चारपर्यंत मोजून थांबलास. गणितात पहिल्यापासून कच्चाच.

पापाची त्याला चीड आहे, नाही कोण म्हणतं? मलाही टीबीची चीड होती, म्हणून मी पेशंटला खाटेवरून ढकललं नाही. वधस्तंभावर दुसरं काय दिसतं रे? चीड आपल्या पापाची, आणि मार स्वतःच्या अंगावर.

आदाम-हव्वेला बागेबाहेर काढलं, तेव्हा आधी त्यानं स्वतः चामड्याचे कपडे करून त्यांच्या अंगावर घातले. गेल्या साली लग्नाचं ऐकून तू योगिताला घराबाहेर काढलंस तेव्हा थंडीचे दिवस होते. पोरगी नुसत्या ओढणीनिशी माझ्या दारात आली. स्वेटर तुझ्या घरात खुंटीला राहिलं होतं, शमुवेल. मला देवाचा स्वभाव शिकवू नकोस.

आज लोभ वगैरे लिहवत नाही.
ताई


गेवराई,
ता. २२ मार्च २०२५

ती. ताईस सलाम.

वि. वि. तू जिंकलीस असं समजू नकोस. शास्त्रातला न्याय शास्त्रातच आहे, तो कुठं गेला नाही. मी लिंबागणेशला गेलो, एवढंच.

वाटलं होतं, उधळ्या पुत्राच्या बापासारखा मी धावेन आणि लेक रडत गळ्यात पडेल. बसमध्ये त्यावरच्या उपदेशाची जुळणीही केली होती. योगितानं दार उघडलं, माझ्याकडं बघितलं आणि शेरडांना पाला टाकायला निघून गेली. विहीणबाई साखराबाईंनी चहा दिला. जावयानं बाज टाकली, बसा म्हणाला. पण बाळ खांद्यावरून खाली उतरवलं नाही. योगिताची तशी ताकीद होती. शेवटी ती आली आणि म्हणाली की पप्पा, मला अजून लई राग हाय, कवा जाईल ठावं न्हाई. यायचं तर या, न्हाई आलाव तरी चालंल.

तेव्हापासून दर शुक्रवारी जातो. बाजेवर बसतो, चहा पितो, उन्हं कलली की परत येतो. देव माणसाची वाट बघतो, हे मी व्यासपीठावरून फार झटपट सांगत आलो. इकडे माझे उपदेश आखूड झालेत म्हणून मंडळी खूश आहे, याचं जरा वाईट वाटलं.

काल निघालो, तर चुलीपासूनच, मान वर न करता, ती म्हणाली की भाकरी टाकलीय, जेवून जावा. मग उठली, बाळाला माझ्या शेजारी बाजेवर निजवलं आणि पुन्हा तव्याकडं वळली. मी माशा वारत बसलो.

रागावली असलीस तरी उत्तर लिही.
तुझा,
शमुवेल